धाकटीनं किती सरकायचं

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ताईंच्या कॉम्प्युटरनं टुंग केलं आणि ताईंनी मान वर न करताच सांगून टाकलं, "आलं. सरका म्हणतायत."

"न बघता कसं कळलं?" पलीकडच्या टेबलावरून अँटेनानं विचारलं.

"आठ वर्षं झाली. या टुंगनं एकदा तरी 'बसा, पाणी घ्या' म्हटलंय का?"

अँटेना हसला नाही. विनोद वाईट नव्हता, पण चाळीस वेळा ऐकलेल्या विनोदाला माणूस किती हसणार?

आता ही माणसं कोण आणि त्यांना कोण कुठून सरकवतंय, ते आधी सांगायला हवं. एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या. जिना चढताना नाकात रबराचा वास, खाली दिवसभर हातोड्याची ठाणठाण आणि वर दारावर पाटी: उपग्रह कंपनी. टायर बदलायला आलेली गिऱ्हाइकं पाटी वाचून दुकानदाराला विचारायची, "हे खरंच आहे का हो?" दुकानदार छाती फुगवून सांगायचा, "आहे म्हणजे काय! आमच्याच गच्चीवरून बोलतात त्याच्याशी." जसं काही तोच बोलतो.

कंपनीत माणसं पाच. त्यातली दोन कायम बाहेरगावी. उरले तिघं. एक मालक, ज्यांच्या डोक्यातून ही कंपनी निघाली आणि ज्यांच्या डोक्यावरचे केस तिच्यापायी गेले. दुसरा अँटेना, रेडिओ सांभाळणारा. पन्नाशीचा, उंच, हडकुळा आणि वारा सुटला की खरोखर डावी-उजवीकडे हलतोय असं वाटणारा. आणि तिसऱ्या ताई. ताईंचं काम कक्षा सांभाळायचं. कक्षा म्हणजे उपग्रह ज्या वाटेनं पृथ्वीभोवती फिरतो ती वाट. वाटेत कुणी आडवं आलं तर धाकटीला बाजूला घ्यायचं, परत वाटेवर आणायचं, आणि मग त्याबद्दल एक नम्र पत्र लिहायचं: "वेळेत सरकलो आहोत, कळावे."

धाकटी म्हणजे त्यांचा उपग्रह. आधी थोरली होती. चार वर्षांपूर्वी थोरलीच्या बॅटऱ्या गेल्या आणि ती खाली येऊन हवेत जळून गेली. त्या दिवशी तिघांचेही जेवणाचे डबे न उघडता घरी परत गेले होते. आता एकटी धाकटी. पाठीवरच्या दप्तराएवढी, पण काम दहा जणींचं. कुठे नदीकाठी, कुठे धरणाच्या भिंतीवर, कुठे लहानशा गावाबाहेरच्या पुलाखाली लोखंडी खांब रोवलेले आहेत, सहाशे बारा. प्रत्येक खांबाला एक डबी. पाणी किती चढलं ते ही डबी दिवसातून चार वेळा आकाशाकडे तोंड करून पुटपुटते. धाकटी वरून जाता जाता सगळ्यांचं पुटपुटणं ऐकून घेते आणि टायरच्या दुकानावर येऊन सांगते. मग इथून त्या त्या गावाला फोन जातो: पाणी चढतंय, खालच्या गल्लीला उठवा.

एवढंच. पण ज्या गावात तो फोन जातो त्या गावाला विचारा, 'एवढंच' म्हणजे केवढं.

धाकटी त्या वाटेवर गेली तेव्हा वाट मोकळी होती. रिकाम्या वर्गात पहिलं जाऊन खिडकीजवळचा बाक धरावा, तशी ती जाऊन बसली. मग बडी कंपनी आली. तिला नाव होतं, पण टायरच्या दुकानावर तिला नुसतं 'बडी' म्हणत. बडीनं आधी साठ उपग्रह सोडले, मग सहाशे. आता त्या एका वाटेवर बडीचे तीन हजार एकशे बारा होते. दोन वर्षांपासून बडी पाणी मोजून कळवण्याचाही धंदा करू लागली होती. सहापट दरानं.

आणि जेव्हा जेव्हा धाकटी आणि बडीचा कुणी समोरासमोर येण्याची वेळ यायची, तेव्हा टुंग व्हायचं. पत्र ठरलेलं असायचं: संभाव्य निकटता. आपण सरकाल असे गृहीत धरले आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

ताईंनी आता पत्र उघडलं. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटं. दोघींमधलं अंतर, साठ मीटर.

"साठ!" अँटेना उठून आला. "अहो, शाळेतली पोरं एका दमात पळतात तेवढं."

"आणि या दोघी सेकंदाला साडेसात किलोमीटरनं पळतायत." ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "सातशेत एक शक्यता. आदळण्याची."

सातशेत एक म्हणजे काही नाही, असं कुणालाही वाटेल. पण आकाशात हा आकडा फार मोठा. दहा हजारात एक म्हटलं तरी तिथं माणसं खुर्चीतून उठतात.

"मग सरकवा. नेहमीसारखं."

ताईंनी टेबलावरच्या वहीचं शेवटचं पान उलटून त्याच्यासमोर ठेवलं. टाकीत इंधन, चौऱ्याण्णव ग्रॅम. एकदा सरकायला लागतात सहा. आणि शेवटी धाकटीला नीट खाली आणून जाळायचं, तर त्याला लागतात नव्वद. ते नव्वद राखीव. त्याला हात लावला की परवाना त्याच दिवशी रद्द, असा नियम. आणि नियम बरोबरच होता. नाहीतर प्रत्येकजण वर कचरा टाकून हात झटकून मोकळा झाला असता.

अँटेनानं मनात वजाबाकी केली. मग बोटांवर केली. तरी उत्तर तेच आलं.

"म्हणजे सरकलो तर गुरुवारी दुकान बंद."

"आणि धाकटी तीस वर्षं वर तशीच फिरणार. कुणाच्याही अंगावर."

"आणि नाही सरकलो तर?"

"तर सातशेत एक."

खाली कुणीतरी टायरमधली हवा सोडली. फुस्स.

* * *

मालक आतल्या खोलीत होते. ताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, इतकं शांतपणे की ताईंना वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. दहा वर्षांपूर्वी हेच मालक टेबलावर चढून भाषण करायचे, आकाश कुणाच्या बापाचं नाही म्हणून.

"ताई, सगळ्या वेळा आपणच सरकलो?" त्यांनी विचारलं.

"एकशे सेहेचाळीस वेळा."

"आणि ते?"

"एकदाही नाही."

"असं कसं? काहीतरी नियम असेल ना? डावीकडून येणाऱ्यानं, उजवीकडून येणाऱ्यानं..."

"नाही साहेब. समुद्रात जहाजांना आहे, रस्त्यावर गाड्यांना आहे. वर काही नाही. एकमेकांना पत्र लिहायचं आणि ठरवायचं."

"आणि आपण काय ठरवलं?"

हा प्रश्न साधा होता, पण ताई दारातच थांबल्या. खरंच, आपण कधी काय ठरवलं? पत्र यायचं, आपण सरकायचो. बडी मुजोर आहे, एवढं मनाशी धरलं होतं. बळी तो कान पिळी. पण कान आपण कधी पुढे केला, हे त्यांना आठवेना.

बाहेर येऊन त्यांनी अँटेनाला जुन्या नोंदी काढायला लावल्या. सगळ्या उपग्रहांची एक सामाईक नोंदवही असते, सगळ्यांना दिसणारी. प्रत्येक कंपनीनं आपापला अर्ज भरलेला. अर्धा तास खटपट करून अँटेनानं आठ वर्षांपूर्वीचा धाकटीचा अर्ज शोधला आणि तो मोठमोठ्यानं वाचू लागला. वजन, आकार, रेडिओ. मग त्याचं बोट एका ओळीवर अडकलं.

"काय झालं?"

"प्रश्न सतरावा. 'दोन उपग्रह समोरासमोर आल्यास कोण सरकेल?' पर्याय तीन. आम्ही, समोरचा, चर्चेनं ठरवू."

"मग?"

"तुम्ही 'आम्ही'वर खूण केलीय."

ताई खुर्चीत बसल्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता, ती नेहमीप्रमाणे डावीकडे कलली. आणि त्यांना तो दिवस लख्ख आठवला. याच खुर्चीत बसून अर्ज भरला होता. प्रश्न सतरा वाचून गंमत वाटली होती. दारात दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही म्हणतात ना, आधी तुम्ही, नाही नाही आधी तुम्ही? तसं असणार. सगळेच 'आम्ही' म्हणणार आणि मग हसत हसत कुणीतरी सरकणार. 'समोरचा' असं कोण लिहील? तोंडावर लिहील कुणी?

ताई घरात भावंडांत सगळ्यांत मोठ्या होत्या. लहानपणापासून एकच वाक्य कानावर: तू मोठी ना, तू सोड. बसमधली खिडकी सोड, शेवटचा लाडू सोड. सोडून सोडून हाताला तशी सवयच झाली होती. हातानं खूण केली, डोक्याला विचारलंच नाही.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

अँटेनानं यादी सरकवत नेली. "समोरचा. समोरचा. समोरचा. बडीचे तीन हजार एकशे बारा... समोरचा. ताई, सगळ्या आकाशात 'आम्ही' लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"हात दाखवून अवलक्षण," ताई पुटपुटल्या.

"मग बदला की."

बदलायचा अर्ज होता. त्यात लिहिलं होतं, त्या वाटेवरच्या शेजाऱ्यांची संमती लागेल. एका उपग्रहाला एक मत.

अँटेनानं कागद खाली ठेवला. "एक विरुद्ध तीन हजार एकशे बारा. थोडक्यात हरणार आपण."

या विनोदाला मात्र दोघंही हसले. हसणं संपल्यावर खोली आणखीच रिकामी वाटली.

* * *

दुपारी ताईंनी बडीला फोन लावला. आठ वर्षांत पहिल्यांदा. फोनवर आधी वाद्यं वाजली, मग यंत्रानं नऊ पर्याय सांगितले. "टक्कर होण्याची शक्यता असल्यास सात दाबा." ताईंनी सात दाबलं. परत वाद्यं. वीस मिनिटांनी एक बाईचा आवाज आला, झोप पुरी न झालेला.

"बोला."

"मी धाकटीकडून बोलतेय."

"कोण धाकटी?"

ताईंनी नंबर सांगितला. पलीकडे बटणं वाजली. मग आवाज जरा जागा झाला. "अय्या, तुम्ही! 'वेळेत सरकलो आहोत, कळावे'वाल्या!"

"आणि तुम्ही 'सहकार्याबद्दल आभार'."

"ते मी नाही हो लिहीत. यंत्र लिहितं. मी नुसती बघत बसते."

"किती बघता?"

"माझ्या वाट्याला अकराशे. शेजारची बाई रजेवर आहे, म्हणून आज बावीसशे."

ताईंच्या मनात आठ वर्षं एक उंच टाचांची, थंड आवाजाची, मोठ्या काचेच्या खोलीत बसलेली बाई होती. ती आता निघून गेली आणि तिच्या जागी डोळे चोळणारी दुसरीच कुणीतरी येऊन बसली. त्यामुळे भांडायची तयारी करून आणलेलं वाक्य घशातून फार बारीक निघालं.

"या गुरुवारी तुम्ही सरकाल का? आमच्याकडे आता तेवढं उरलेलं नाही." आणि त्यांनी ग्रॅमसकट सगळं सांगितलं.

"मॅडम, आमच्या टाक्या तर भरलेल्या असतात. माझ्या हातात असतं तर आत्ता सरकवलं असतं. पण माझ्या स्क्रीनवर ते बटणच नाही. यंत्र समोरच्याची नोंद वाचतं. तो सरकतो म्हणाला की आमचं जागचं हलत नाही. हलवायचं तर मी वर लिहायचं. वरचे चार दिवसांनी उत्तर देतात."

"गुरुवार परवावर आलाय."

"हो ना."

"मग तुमचं यंत्र कुणासाठीच सरकत नाही?"

"सरकतं की! दिवसातून दोनशे वेळा सरकतं." आवाज एकदम खाली आला. "बंद पडलेल्यांसाठी. ज्यांच्या नोंदीत 'हालचालीस असमर्थ' लिहिलेलं असतं, त्यांना आपोआप वाट देतं. कुणाला विचारतसुद्धा नाही. जित्यांशी भांडतं, मेलेल्यांच्या वाटेला जात नाही." मग एकदम मोठ्यानं, "हा फोन रेकॉर्ड होतो हं मॅडम. मी तुम्हाला काहीही सुचवलेलं नाही."

"छे छे. तुम्ही कुठे काय सुचवलंत?"

"काळजी घ्या."

ताईंनी फोन ठेवला. अँटेना मान उंच करून बघत होता. ताईंनी त्याला सांगितलं आणि तो खुर्चीवर मागे रेलला.

"म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तुमची सरकायची खोड घालवायला धाकटीलाच मारावं लागणार बघा."

"मारावं नाही. मेली असं लिहावं लागणार. आणि ती मेलेली नाही. खोटं लिहू?"

गच्चीवरची डिश हळूहळू वळायला लागल्याचा आवाज आला. धाकटी येत होती. नऊ मिनिटं त्यांच्या डोक्यावर असणार होती, सहाशे गावांचं पुटपुटणं घेऊन.

* * *

घरी ताई आणि त्यांचे बाबा, दोघंच. बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला. आता एक्याऐंशीचे. संध्याकाळी गॅलरीत नट-बोल्टचा डबा घेऊन बसायचे आणि ते आकारानं लावायचे. लावून झाले की परत ओतायचे. त्यांना काम लागायचं, शेवट नको असायचा.

"बाबा, एका गाडीपुरता पूल असेल आणि समोरासमोर दोन ट्रक आले, तर मागं कुणी घ्यायचं?"

"रिकाम्यानं. भरलेल्याला वाट द्यायची." बाबांनी वरही बघितलं नाही. हे विचारायची काय गोष्ट आहे, असा सूर.

"कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? ज्याला मागं घेणं सोपं, त्यानं घ्यायचं."

"आणि एखादा रिकामा असून हॉर्न मारत अंगावर आला तर? रोज आला तर?"

आता बाबांनी बोल्ट खाली ठेवला. लेकीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "कोण येतंय गं तुझ्या अंगावर?"

ताईंनी सांगितलं. चौऱ्याण्णव, नव्वद, सहा. प्रश्न सतरा. मेलेल्यांना वाट.

बाबा मोठ्यानं हसले. "अगं, ही तर आमचीच युक्ती! घाटात गाडी तापली की चार दगड मागे, चार दगड पुढे मांडायचे, वर झाडाची एक फांदी. झालं! जे मघाशी हॉर्न मारून कान फोडत होते, तेच शिव्या देत मुकाट वळसा घालून जायचे. चालत्या गाडीला कोणी वाट देत नाही पोरी, बंद पडलेलीला सगळे देतात."

"पण तुमची गाडी खरंच बंद असायची. धाकटीच्या टाकीत आहे ना बाबा, नव्वद ग्रॅम. मग असमर्थ कसं लिहू?"

"ते नव्वद कशासाठी ठेवलेत?"

"खाली आणायला. घरी आणायला म्हणा."

"मग ती टाकी रिकामीच." बाबांनी डब्याचं झाकण लावलं. "घरी पोचण्यापुरतं डिझेल उरलं की गाडी रिकामी, असं आम्ही धरायचो. त्या डिझेलवर दुसऱ्याचं ओझं ओढायचं नसतं. ओढलंस तर रस्त्यात अडकशील आणि दुसऱ्यालाही अडकवशील."

ताईंना किती दिवसांनी बरं वाटलं. बाबांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी लगेच बोट उगारलं. मुलीला बरं वाटलं की एक शिस्तीचं वाक्य ऐकवायचंच, हा त्यांचा जुना नेम.

"पण ऐक. निघताना दगड उचलायचे. अर्धे ड्रायव्हर गाडी सुरू झाली की तसेच पळतात. मग अंधारात मागून येणारा त्या दगडांवर आपटतो. दगड मांडणाऱ्याला मी कधी वाईट म्हटलं नाही. न उचलणाऱ्याला मात्र मी थांबवून थांबवून शिव्या दिल्यात."

* * *

बुधवारी सकाळी ताईंनी बंद पडलेल्यांच्या नोंदीचा अर्ज आधी पूर्ण वाचला. आठ वर्षांपूर्वी हेच केलं असतं तर! 'हालचालीस असमर्थ' एकदा लिहिलं की परत बदलता येत नाही. नवा परवाना मिळत नाही. जुना फक्त एक वर्ष चालतो. वर्षाच्या आत उपग्रह शक्य असल्यास खाली आणावा.

म्हणजे सरकलं तर उद्या बंद. हे लिहिलं तर वर्षानं बंद. सहाशे बारा खांबांना मध्ये एक पावसाळा मिळणार होता. एका पावसाळ्यात गावं दुसरं काहीतरी शोधतील, किंवा बडीकडे जातील, किंवा आधी जशी आकाशाकडे आणि पाण्याकडे बघत झोपायची तशी झोपतील.

मालकांनी कागद दोनदा वाचला.

"दुसरा मार्ग नाही?"

"भांडायचा आहे. सुनावणी मागायची, सतरावा प्रश्नच बदला म्हणायचं. ज्याची टाकी भरलेली त्यानं सरकावं, असा नियम करा म्हणायचं. त्याला दोन वर्षं लागतील. ते पत्र पण मी लिहिलंय." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "पण उद्या चार वाजून दहा मिनिटांनी ते पत्र धाकटीच्या कामाचं नाही."

मालकांनी दोन्हींवर सह्या केल्या. पहिल्यावर करताना पेन चाललं नाही, झटकावं लागलं. "ताई, तुम्ही तेव्हा 'समोरचा' लिहिलं असतं ना," ते म्हणाले आणि थांबले. "नाही. तुम्ही लिहिलं नसतं. मी पण लिहिलं नसतं. म्हणून तर दहा वर्षांत पाचच माणसं आहोत."

ताईंनी जागेवर येऊन नोंद उघडली. 'हालचालीस असमर्थ'. खाली शेऱ्याची रिकामी चौकट. सहसा तिथं कुणी काही लिहीत नाही, कुणी वाचतही नाही. ताईंनी लिहिलं: टाकीत उरलेले इंधन फक्त उपग्रह खाली आणण्यासाठी राखून ठेवले आहे. त्यावर सरकता येणार नाही. आजपासून अकरा महिन्यांनी आम्ही तिला खाली आणू.

साडेतीन वाजता बटण दाबलं.

"गेली," अँटेना म्हणाला. आणि चार मिनिटांनी टुंग झालं.

संभाव्य निकटता. आम्ही सरकत आहोत. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

अँटेनानं ते तीन वेळा वाचलं. "चार मिनिटं! एकशे सेहेचाळीस वेळा आपण... आणि हे चार मिनिटांत! एकदा मरायचाच अवकाश होता." तो हात वर करून नाचणार होता बहुतेक, पण ताईंचा चेहरा बघून त्यानं हात खाली घेतले आणि ते खिशात ठेवले. "जिंकलो ना ताई?"

"माहीत नाही रे. उभं राहायला जागा मिळाली. बसायला नाही."

* * *

गुरुवारी तीन वाजता फोन वाजला. बडीकडची परवाची बाई होती. आवाज अगदी गंभीर.

"मॅडम, तुमच्या धाकटीचं कळलं. फार वाईट झालं."

ताईंना क्षणभर कळेना. मग कळलं. "हो ना. अचानकच."

"कधी गेली?"

"काल दुपारी. साडेतीनला."

"त्रास नाही ना झाला?"

"नाही. शेवटपर्यंत बोलत होती." ताईंनी हसू दाबलं. "अजूनही बोलतेय."

पलीकडे काहीतरी सांडल्यासारखा आवाज झाला. ती तोंड दाबून हसत होती. मग तिनं नाक ओढलं. "या महिन्यातली ही सातवी. सगळे छोटेच. माझ्या वाटेवर आता जित्यांपेक्षा मेलेलेच जास्त बोलतात. एक दिवस वरचे विचारतील, एवढे मरतायत कसे. तेव्हा मी काय सांगू?"

"सांगा, सतरावा प्रश्न वाचा."

"कुठला सतरावा?"

ताईंनी सांगितला. पलीकडून पेनाची कुरकुर ऐकू आली. ती लिहून घेत होती. फोन रेकॉर्ड होत होता, तरी लिहून घेत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी काहीच झालं नाही. झालं नाही हेच व्हायचं होतं. पडद्यावर दोन ठिपके जवळ आले, दोन किलोमीटर अंतर राखून एकमेकांना ओलांडून गेले आणि आपापल्या वाटेला लागले. चार बावन्नला गच्चीवरची डिश वळली. धाकटी आली. सहाशे बारापैकी सहाशे नऊ खांबांचं पाणी तिनं मोजून सांगितलं. तीन खांब नेहमीचेच मुके.

अँटेनानं चहा आणला. ताईंनी तो निवू दिला. आधी त्यांना एक काम करायचं होतं. अकरा महिन्यांनी धाकटीला द्यायच्या आज्ञा त्यांनी आजच लिहून काढल्या. कोणत्या क्षणी इंजिन सुरू करायचं, किती सेकंद, नव्वदचे नव्वद ग्रॅम कसे संपवायचे. दोनदा तपासल्या. फाइलला नाव द्यायचं होतं. त्यांनी नाव दिलं, 'दगड'.

"हे काय नाव?" अँटेनानं विचारलं.

"मी रजेवर असले, आजारी असले, नोकरी सोडून गेले, तरी त्या तारखेला ही पाठवायची. कारण विचारायचं नाही. शपथ घे."

"शपथ. पण दगड का?"

"बाबांना विचार. तास-दीड तास काढून जा मात्र."

सहा वाजता त्यांनी पर्स आणि रिकामा डबा उचलला आणि जिना उतरायला लागल्या. अरुंद जिना. अर्ध्यात टायरवाला दोन खांद्यांवर दोन टायर घेऊन वर येत होता, गच्चीवर ठेवायला. घामानं भिजलेला.

"ताई, जरा सरकता का?"

ताई थांबल्या. पाय सवयीनं मागे निघालाच होता, तो त्यांनी धरून ठेवला. टायरवाला गोंधळून बघत राहिला. ताई आधी सरकल्या नाहीत, असं या जिन्यावर कधी झालं नव्हतं.

ताईंनी त्याच्या खांद्यांकडे बघितलं. मग आपल्या हातातल्या डब्याकडे.

"तुम्ही भरलेले आहात," त्या म्हणाल्या, आणि चार पायऱ्या मागे चढून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "या."